अरबी समुद्राखालची नवी जमीन

मुंबईहून नैर्ऋत्येला सरळ रेघ ओढली, तर साधारण दोन हजार किलोमीटरवर अरबी समुद्राचा तळ उंचावू लागतो. गाळाने सपाट झालेलं, चार-साडेचार किलोमीटर खोल मैदान मागे पडतं आणि डोंगरांच्या ओळींमागून ओळी लागतात. या ओळींच्या ऐन मध्यावर एक खोल दरी आहे. दरीचा अलीकडचा काठ भारताच्या भूपट्टाचा, पलीकडचा काठ पूर्व आफ्रिकेला पाठीवर घेतलेल्या सोमाली भूपट्टाचा. हे दोन काठ दरवर्षी अडीच-तीन सेंटिमीटरने एकमेकांपासून लांब सरकतात. रायगडावर राज्याभिषेक झाला ते १६७४ साल धरलं, तर तेव्हापासून आजवर इथे नऊ-दहा मीटर रुंदीची नवी जमीन तयार झाली आहे.

ही कार्ल्सबर्ग पर्वतरांग. एडनच्या आखाताच्या बाहेरून निघून ती आग्नेयेकडे विषुववृत्ताच्या किंचित पलीकडे जाते. लांबी सुमारे दीड हजार किलोमीटर. पण ती सुटी रांग नव्हे. अटलांटिक, हिंदी आणि प्रशांत महासागरांतून फिरणाऱ्या जवळपास ६५,००० किलोमीटर लांबीच्या सागरमध्य पर्वतरांगेचा ती एक तुकडा आहे. हिमालयाची लांबी २,४०० किलोमीटर, यावरून या पसाऱ्याचा अंदाज यावा. पृथ्वीवर ज्वालामुखीतून जो शिलारस वर येतो, त्यातला बहुतांश या रांगेतच येतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

या साऱ्या पसाऱ्यात कार्ल्सबर्गला खास मान आहे. समुद्रतळ पसरतो या कल्पनेला मोजमापाचा भक्कम आधार मिळाला, तो इथे केलेल्या एका पाहणीतून.

बिअरच्या पैशातून आलेलं नाव

समुद्राची खोली मोजण्याची जुनी रीत म्हणजे दोराला शिसं बांधून सोडायचं. तीन-चार किलोमीटर खोल पाण्यात एका मोजणीला तासन्‌तास जात. अख्ख्या महासागरात मोजणीचे ठिपके विरळ, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये डोंगर असला तरी कळायचा मार्ग नाही. पहिल्या महायुद्धानंतर ध्वनीने खोली मोजण्याचं यंत्र आलं आणि चित्र पालटलं. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जहाजावरून सोडलेला आवाज तळावर आपटून चार सेकंदांनी परतला, की खोली ३,००० मीटर.

१९२८ ते १९३० या काळात 'डाना' हे डॅनिश जहाज असं यंत्र घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं होतं. मोहिमेचे प्रमुख योहानेस श्मिट मुळात माशांचे, विशेषतः ईल माशांचे अभ्यासक. अरबी समुद्र ओलांडताना तळाशी डोंगर असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मोहिमेचा खर्च कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाने उचलला होता आणि प्रतिष्ठानाचा पैसा येई कोपनहेगनच्या प्रसिद्ध बिअर कारखान्यातून. त्या ऋणाची फेड म्हणून रांगेला ते नाव मिळालं.

पाठोपाठ १९३३-३४ मध्ये 'माबाहिस' हे इजिप्शियन जहाज याच भागात फिरलं. नेतृत्व सेमूर सेवेल यांच्याकडे होतं. ते भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिले होते. या मोहिमेच्या मोजण्यांवरून रांगेच्या मधोमध लांबच लांब घळ असल्याचं दिसलं. १९३७ मध्ये वाइझमन आणि सेवेल यांनी या घळीचं पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीशी असलेलं साम्य दाखवून दिलं. निरीक्षण अगदी योग्य होतं, पण ते ज्यात बसवावं असा सिद्धांतच त्या वेळी मान्य नव्हता. खंड सरकतात हे सांगणारे वेगेनर १९३० मध्येच ग्रीनलंडच्या बर्फात वारले होते आणि त्यांची कल्पना बहुतेक भूवैज्ञानिकांनी बाजूला सारली होती.

अशीच दरी पंधरा वर्षांनी अटलांटिकमध्ये सापडली. न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत मेरी थार्प जहाजांनी आणलेल्या खोलीच्या आकड्यांवरून तळाचे छेद कागदावर काढत होत्या. स्वतः जहाजावर जायची त्यांना सोय नव्हती, कारण तेव्हा तिथे स्त्रियांना जहाजावर घेत नसत. १९५२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की छेद वेगवेगळ्या ठिकाणचे असले तरी रांगेच्या माथ्यावरची खाच प्रत्येकात आहे. त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी आधी ही गोष्ट उडवूनच लावली. मग त्याच मापाच्या दुसऱ्या नकाशावर भूकंपांची केंद्रं मांडली गेली. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवल्यावर भूकंपांचे ठिपके बरोबर त्या खाचेत पडले. हीझन यांना मानावं लागलं.

दाब उतरला की खडक वितळतो

दरीखाली नेमकं काय चालतं? पुष्कळांची समजूत अशी, की पृथ्वीच्या पोटात शिलारसाचा समुद्र आहे आणि भेग पडली की तो वर उसळतो. तसं नाही. भूकवचाखालचं प्रावरण घन खडकाचं आहे. मात्र ते तेराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असल्याने लाखो वर्षांच्या हिशेबात हळूहळू वाहू शकतं. एवढ्या तापमानालाही ते वितळत नाही याचं कारण वरचा प्रचंड दाब. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही आणि दाब उतरला की एकदम उकळू लागतं, तसंच इथे घडतं. दोन भूपट्ट दूर सरले की मधल्या जागेत प्रावरणाचा खडक वर चढू लागतो. चढता चढता त्याच्यावरचा दाब कमी होतो. उष्णता बाहेरून मुळीच मिळालेली नसते, तरी त्याचा दहावा हिस्सा किंवा त्याच्या आसपासचा भाग वितळतो. हा वितळलेला भाग हलका, म्हणून तो वाट काढत वर येतो.

वर आलेल्या शिलारसाचे तीन थर होतात. बराचसा खालीच सावकाश थिजतो आणि भरड कणांचा गॅब्रो बनतो. काही उभ्या भेगांत शिरून भिंतींसारखा गोठतो. उरलेला तळावर बाहेर पडतो, तो बेसाल्ट. सगळं मिळून सहा-सात किलोमीटर जाडीचं सागरी भूकवच तयार होतं. खंडांचं कवच याच्या पाच-सहा पट जाड असतं.

रांगेवरून खरवडून आणलेला बेसाल्टचा ताजा तुकडा हातात घेतला, तर हा इतिहास डोळ्यांना दिसतो. बाहेरच्या अंगाला काळीभोर, चकचकीत साल असते. ती काच आहे. सुमारे ११५० ते १२०० अंशांचा लाव्हा जवळजवळ गोठणबिंदूला असलेल्या पाण्याला भिडला, त्या क्षणी स्फटिक बनायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून ही काच झाली. सालीच्या आत बोटभर गेलं की रंग करडा आणि कण बारीक. अजून आत कण थोडे मोठे होतात, कारण तिथे थंडावा उशिरा पोचला. असे गोळे एकावर एक लवंडून उश्यांचा ढीग रचावा तसा तळ तयार होतो. प्रयोगशाळेत ती काळी सालच सर्वांत मोलाची. वितळलेल्या शिलारसाची मूळ रसायनं, त्यात विरघळलेले वायूसुद्धा, तिच्यात अडकून राहिलेले असतात.

सगळ्या रांगा एकसारख्या वागत नाहीत. पूर्व प्रशांत महासागरातली रांग वर्षाला पंधरा सेंटिमीटरपर्यंत पसरते. तिथे शिलारसाचा पुरवठा मुबलक, त्यामुळे माथा गुळगुळीत आणि खोल दरी नाहीच. कार्ल्सबर्ग संथ. शिलारस तुटपुंजा पडला की ताण भागवायला खडक तुटतात, मोठमोठे कडे एकाखाली एक खचतात आणि दरी खोल होते. काही संथ रांगांवर तर एकच प्रस्तरभंग लाखो वर्षं सरकत राहतो आणि खालचा गॅब्रो, कधी प्रावरणाचा खडकसुद्धा, थेट तळावर उघडा पडतो.

१९६२ चा नोव्हेंबर

हिंदी महासागराबद्दल माहिती फार तोकडी आहे, म्हणून १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. भारतासह अनेक देशांची जहाजं तिच्यात होती. गोव्यात दोनापावलाला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली, ती याच मोहिमेतून.

या मोहिमेत ब्रिटिश नौदलाचं 'ओवेन' हे जहाज १९६२ च्या नोव्हेंबरात कार्ल्सबर्ग रांगेवर आलं. केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज त्यावर होते. रांगेच्या माथ्याचा एक लहानसा चौकोन निवडून जहाज त्यावर समांतर फेऱ्या मारत राहिलं. मागे लांब तारेला चुंबकमापक बांधलेला होता. तार लांब ठेवावी लागते, नाहीतर जहाजाचं लोखंडच मोजलं जातं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्या जागी जेवढं असायला हवं त्यापेक्षा किती कमी-जास्त भरतं, एवढंच हे यंत्र सांगतं.

हे आकडे मॅथ्यूज यांनी आपला नवा विद्यार्थी फ्रेड वाइन याच्या हाती सोपवले. समुद्रतळ रांगेपाशी जन्मतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो ही हॅरी हेस यांची कल्पना वाइनने त्याच वर्षी जानेवारीत केंब्रिजमध्ये त्यांच्याच तोंडून ऐकली होती. दुसरी एक गोष्टही माहीत होती, पण सर्वांना पटलेली नव्हती. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटं होतं, उत्तर ध्रुवाचा दक्षिण ध्रुव होतो. फ्रान्समध्ये ब्रुन यांनी १९०६ मध्ये आणि जपानमध्ये मातुयामा यांनी १९२९ मध्ये जुन्या लाव्हांत याच्या खुणा दाखवल्या होत्या. लाव्हा निवताना त्यातल्या लोहखनिजांचे कण त्या काळच्या क्षेत्राची दिशा धरतात आणि पुढे ती सोडत नाहीत.

अडचण होती ती जागेची. विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ आडवं असतं. तिथे आजच्याच दिशेने चुंबकित झालेला खडक खाली असला, तरी वरच्या मापकाला क्षेत्र वाढलेलं न दिसता घटलेलं दिसू शकतं. नुसता आलेख पाहून निष्कर्ष काढणं धोक्याचं. वाइनने केंब्रिजच्या 'एडसॅक-२' या संगणकावर गणित मांडलं. पाहणीच्या चौकोनात ज्वालामुखीच्या आकाराचे दोन डोंगर होते. हिशेब सांगत होता, की एक आजच्या दिशेने चुंबकित आहे आणि दुसरा बरोबर उलट्या.

मग तुकडे जुळत गेले. मधोमध नवा तळ तयार होतो आणि त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरतो. तो दोन भागांत फाटून दोन्हीकडे सरकतो. दरम्यान क्षेत्र उलटतं आणि पुढचा पट्टा उलट्या दिशेचा बनतो. म्हणजे रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट पट्टे असायला हवेत. वाइन आणि मॅथ्यूज यांचा हा छोटासा लेख ७ सप्टेंबर १९६३ च्या 'नेचर'मध्ये आला. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच विचार लिहून पाठवला होता. दोन नियतकालिकांनी तो साभार परत केला.

लेखाचं स्वागत थंडच झालं. १९६६ मध्ये 'एल्टॅनिन' जहाजाने दक्षिण प्रशांत महासागरातून आणलेल्या आलेखात रांगेच्या डाव्या-उजव्या बाजू इतक्या तंतोतंत जुळल्या, की शंकेला फारशी जागा उरली नाही. १९६८ मध्ये 'ग्लोमार चॅलेंजर'ने दक्षिण अटलांटिकच्या तळात भोकं पाडून गाळाचे नमुने काढले. रांगेपासून जितकं दूर, तितका तळ जुना निघाला, आणि वयाचे आकडे पट्ट्यांवरून काढलेल्या अंदाजांशी जुळले.

रांग ढकलत नाही

पट्ट्यांची रुंदी मोजली की पसरण्याचा वेग मिळतो आणि वेगातले चढउतारही कळतात. कार्ल्सबर्गचे पट्टे भारताच्या प्रवासाचा हिशेब देतात.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हा वाहिले, सह्याद्री ज्या थरांतून कोरला गेला तेच हे थर. १९५० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी या बेसाल्टमधल्या चुंबकत्वाचा कल मोजला, तेव्हा तो विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थिजलेल्या खडकाचा निघाला. लाव्हा वाहिले तेव्हा सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून होता. साधारण ६.३ कोटी वर्षांपूर्वी मधे भेग पडली, ती रुंदावत गेली आणि तिचीच पुढे कार्ल्सबर्ग रांग झाली. सेशेल्सच्या मुख्य बेटांवर महासागराच्या मधोमध ७५ कोटी वर्षं जुना ग्रॅनाइट दिसतो, कारण ती बेटं म्हणजे मुळात खंडाची कपची आहे.

सुरुवातीला ही रांग वर्षाला दहा सेंटिमीटरहून अधिक वेगाने पसरत होती. मग पाचेक कोटी वर्षांपूर्वी वेग घसरला. त्याच सुमारास हजारो किलोमीटर उत्तरेला भारत आशियाला भिडला होता. त्याआधी मधल्या टेथिस समुद्राचा जड, थंड तळ आशियाखाली बुडत होता आणि बुडताना मागच्या भूपट्टाला ओढून नेत होता. ती ओढ कमी झाली, वर समोरून अडसर आला, आणि त्याचा परिणाम दक्षिणेला पट्ट्यांच्या रुंदीत उतरला.

रांगेतून वर येणारा शिलारस भूपट्टांना दोन्हीकडे रेटतो, असं शाळेच्या पुस्तकातल्या चित्रावरून वाटतं. प्रत्यक्षात रांगेचा वाटा दुय्यम आहे. तिचा माथा उंच असल्याने दोन्ही अंगांना थोडा उतार मिळतो आणि त्याचा काही रेटा बसतो खरा. पण मुख्य जोर दूरवर बुडणाऱ्या तळाच्या वजनाचा. ज्या भूपट्टांच्या कडेला असा बुडणारा तळ लांबवर आहे, तेच आज सर्वांत वेगाने चालतात. रांग जागा मोकळी होईल तशी भरत जाते.

आज हा वेग जमिनीवरूनही मोजता येतो. बेंगळुरूतलं आणि सेशेल्समधलं जीपीएस केंद्र वर्षाकाठी किती दूर गेलं, हे उपग्रह मिलिमीटरच्या हिशेबात सांगतात. लाखो वर्षांची सरासरी देणारे पट्टे आणि काही वर्षांचं जीपीएस, दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात.

हादरे आणि धूर

वर्षाला अडीच-तीन सेंटिमीटर ही सरासरी झाली. तळ रोज थोडाथोडा उघडत नाही. वर्षानुवर्षं ताण साठतो आणि मग काही तासांत, काही दिवसांत मोकळा होतो. हे टिपायला भूकंपमापक थेट तळावर ठेवतात. यंत्राला वजन बांधून ते समुद्रात सोडतात. काही महिन्यांनी जहाज परत येतं, ध्वनीचा ठरलेला संकेत देतं, वजन सुटतं आणि यंत्र तरंगत वर येतं. २००६ मध्ये पूर्व प्रशांत रांगेवर संशोधक अशी १२ यंत्रं परत न्यायला गेले, तेव्हा वर आली चारच. काहींनी संकेताला उत्तर दिलं, पण जागची हलली नाहीत. खाली लाव्हा वाहिला होता आणि त्यात ती रुतली होती. वर आलेल्या यंत्रांत मात्र उद्रेकाआधी वाढत गेलेल्या हादऱ्यांची संपूर्ण नोंद होती. यंत्रं गमावली, पण समुद्रतळ पसरण्याची एक घटना पहिल्यांदाच अशी जागेवर टिपली गेली.

कार्ल्सबर्गवरचे बहुतेक भूकंप लहान असतात. पण रांग सलग नसते. ती तुकड्यातुकड्यांत सरकलेली असते आणि दोन तुकड्यांच्या मधल्या भंगावर दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात. अशा भंगाचं स्वरूप १९६५ मध्ये टुझो विल्सन यांनी सांगितलं आणि दोन वर्षांनी लिन साइक्स यांनी भूकंपांच्या नोंदींवरून ते सिद्ध केलं. १५ जुलै २००३ रोजी कार्ल्सबर्ग रांगेच्या दक्षिण टोकाकडे ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तो असाच आडव्या सरकण्याचा. अशा धक्क्यात तळ फारसा वर-खाली होत नाही, म्हणून मोठ्या त्सुनामीचा धोकाही कमी असतो.

दुसरा माग पाण्याचा. भेगांतून समुद्राचं पाणी खाली झिरपतं, तापतं, खडकातले धातू विरघळवून घेतं आणि पुन्हा वर फुटतं. १९७९ मध्ये 'अल्विन' ही पाणबुडी पूर्व प्रशांत रांगेवर अशा पहिल्या काळ्या धुराड्यापाशी पोचली. तापमापकाची कांडी आत घातली आणि आकडे वेडेवाकडे येऊ लागले. वर आल्यावर पाहिलं, तर कांडीचं प्लास्टिक वितळलेलं. पुढे नीट मोजल्यावर पाणी ३५० अंशांच्या आसपास निघालं. एवढ्या खोलीवरच्या दाबामुळे ते उकळत नाही. थंड पाण्यात शिरताच धातूंचे सल्फाइड काळ्या कणांच्या रूपात बाहेर पडतात. तोच तो 'धूर'.

दीड हजार किलोमीटरच्या रांगेत घराएवढी धुराडी शोधायची, तर पाणबुडी घेऊन भटकणं परवडत नाही. आधी पाण्याचा वास काढावा लागतो. जहाजामागून यंत्रं वर-खाली करत ओढतात आणि पाण्याचा गढूळपणा, तापमानातला अंशाच्या शंभराव्या भागाचा फरक, मँगेनीज आणि प्रावरणातून येणारा हेलियम-३ मोजतात. २००३ मध्ये एका ब्रिटिश मोहिमेला कार्ल्सबर्गवर अशा गढूळ पाण्याचा सुमारे ७० किलोमीटर लांबीचा ढग सापडला. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीही इथल्या ढगांचा माग काढला. २०१३ मध्ये चिनी मोहिमेने 'वोचान' नावाच्या ठिकाणी प्रत्यक्ष धुराडी गाठली.

तांबं आणि गोगलगाय

धुराड्यांभोवती तांबं, जस्त आणि थोडं सोनं-चांदी साचतं. म्हणून या रांगा आता खाणींच्या नजरेने पाहिल्या जातात. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी भारताने २०१६ मध्ये मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी रांगांवरच्या १०,००० चौरस किलोमीटरसाठी शोधाचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्गवर तेवढ्याच क्षेत्राचा दुसरा करार झाला. हा परवाना शोधाचा आहे, खोदण्याचा नव्हे. काम गोव्यातल्या वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था पाहतात. तिघांना ६,००० मीटर खोल नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडीही चेन्नईतच घडते आहे.

संथ रांगांवर साठे मोठे होण्याची शक्यता अधिक असते, कारण एकच प्रस्तरभंग दीर्घकाळ गरम पाण्याला वाट देत राहतो. पण याच गरम पाण्यावर अंधारातलं एक जग पोसलेलं आहे. हिंदी महासागरातल्या मोजक्या धुराड्यांपाशी एक गोगलगाय राहते. तिच्या पायावरच्या खवल्यांना लोह सल्फाइडचं कवच असतं. खाणकामाच्या शक्यतेमुळे तिची नोंद २०१९ मध्ये संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत झाली. थंड पडलेल्या धुराड्यांतून धातू काढावेत आणि जिवंत धुराड्यांना हात लावू नये, हा मार्ग ऐकायला सोपा आहे. मात्र कोणतं धुराडं कायमचं विझलं आणि कोणतं पुढच्या हादऱ्यानंतर पुन्हा धुमसेल, हे सांगायला भंगांचा, हादऱ्यांचा आणि शिलारसाचा हिशेब कळलेला हवा.

त्या हिशेबासाठी कराराने १५ वर्षं दिली आहेत. तेवढ्यात कार्ल्सबर्गची दरी ४० सेंटिमीटरच्या आसपास रुंदावेल. धुराड्यांचं काय करायचं हे आपल्याला तेवढ्या अवधीत ठरवायचं आहे.